चौकटीपेक्षा मोठं दार

फकीर नदाफ यांच्यावर मी लिहावं एवढी माझी त्यांची ओळख नव्हती, हे आधी सांगून टाकतो. त्यांचा जन्म कोणत्या साली झाला ते मला ठाऊक नाही. त्यांना भावंडं किती, बेंगळुरूला ते कोणत्या भागात राहत, जेवणात त्यांना काय आवडे, यातलं काहीच मला सांगता येणार नाही. ते गावी परत आल्यावर तेरा वर्षं आम्ही एका गावात राहिलो आणि त्यांच्या अंगणात मी एकदाच बसलो.

वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी 'आपल्या गावचा माणूस' असं काहीतरी लिहून द्या, असं तिचं काम पाहणारा शिवराज म्हणाला तेव्हा त्याच्या मनात दुसरं कुणीतरी असणार. मी अणदूरच्या पोस्टात पोस्टमास्तर होतो. लोकांची पत्रं इकडची तिकडं केली, स्वतः फारशी लिहिली नाहीत. चुकलंमाकलं तर शिवराजनं दुरुस्त करावं. फक्त एक वाक्य त्यानं काढू नये अशी विनंती आहे. ते कोणतं ते पुढं येईल.

फकीरभाईंचे वडील महेबूबभाई कापूस पिंजून गाद्या भरायचे. ते मला लहानपणापासून माहीत होते. फकीरभाई मात्र सोलापूरला आयटीआयमध्ये पत्र्याचं काम शिकले आणि तिकडूनच बेंगळुरूला गेले. तिथं एका वर्कशॉपमध्ये विमानाचं अंग जुळवायचं काम होतं. अंग म्हणजे माणसं बसतात तो लांबट गोल भाग. त्याची दारं आणि खिडक्यांच्या चौकटी बसवण्यात त्यांची चोवीस वर्षं गेली. कान गेले तेव्हा काम सोडलं आणि दोन हजार अकरा साली बायको फरिदाबी यांना घेऊन ते गावी परत आले. स्टँडच्या मागं पत्र्याची शेड टाकून धान्याच्या कोठ्या, पेट्या, शेडची दारं करू लागले. त्यांच्या कोठीत सोंडा किडा शिरत नाही असं बायका सांगायच्या. आमच्या घरची कोठी त्यांनीच केली आहे. तिचे रिव्हेट पट्टीनं आखल्यासारखे एका ओळीत आहेत. मी ते पुष्कळदा मोजले आहेत, कशासाठी ते मला सांगता यायचं नाही.

फकीरभाई आले त्या वर्षी, एका सकाळी मी लक्ष्मीबाईंच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसायचो. ऐकायचो, बोलायचो नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, लहानपणापासून तसंच आहे. त्या दिवशी फकीरभाई होते, सोमलिंग आप्पा होते, आणखी पाचसात लोक होते. कुणीतरी विचारलं, विमान आतून कसं असतं.

"कणगी पाह्यली का न्हाय तुमी?" फकीरभाई म्हणाले. "आदी काड्यांचा सांगाडा, मंग वरनं लिंपण. विमानाचं अंग बी तसंच. गोल गोल कड्या उभ्या करायच्या, त्येला लांब पट्ट्या जोडायच्या, आन् वरनं पत्रा."

"पत्रा केवढा जाड?"

फकीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "मास्तरांची चार-पाच पोस्टकार्डं एकावर एक ठेवा. तेवढा."

"एवढ्याशा पत्र्यात माणसं बसवून आभाळात न्हेत्यात?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "माझा तवा बी त्येच्यापरीस जाड हाय."

"तवा उडवायचा न्हाय ना बाई!"

सगळे हसले. तोवर सगळं ठीक होतं. मग सोमलिंग आप्पांनी विचारलं, "आन् वर गेल्यावर कुनी दार उघडलं तर?"

"उघडतच न्हाय." फकीरभाईंचा चेहरा खुलला. हा प्रश्न यावा म्हणूनच ते बसले होते असं वाटलं. "आत हवा कोंडल्याली असती. ती दाराला बाहेर ढकलती. पर दार चौकटीपरीस मोठं असतंय. बाटलीला आतनं बूच बसवल्यावानी. जितकी हवा दाबंल तितकं दार चौकटीवर घट्ट बसंल. धा पैलवान आले तरी हालत न्हाय."

"मंग खाली उतरल्यावर ते आत उघडतंय?"

"न्हाय. बाहेर."

आप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"चौकटीपरीस मोठं दार," आप्पा सावकाश म्हणाले, "आन् उघडतंय बाहेर."

"व्हय."

फकीरभाईंनी बशी घेतली, रिकामा ग्लास घेतला आणि हातानं काहीतरी दाखवू लागले. दार आधी आत येतं, मग तिरकं होतं. त्यांच्या बशीला ते जमेना. लोक एकमेकांकडं बघू लागले. तेवढ्यात मी ग्लासात तोंड घालून म्हणालो, "नाव फकीर न्हाय, फेकीर पायजे व्हतं."

शिवराज, हे ते वाक्य. ते नाव मी पाडलं. दुसऱ्या कुणी नाही.

मी हळू बोललो होतो, पण आप्पा माझ्या शेजारी होते. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि तेच मोठ्यानं म्हणाले. मग काय हसले लोक! लक्ष्मीबाईंच्या हातातली किटली हिंदकळली. एकजण बाहेर जाऊन हसून आला. फकीरभाईंना काहीच ऐकू गेलं नव्हतं. आपल्या बशीला हसतात असं समजून तेही हसले, आणि बशी खाली ठेवून म्हणाले, "हाताला सवय न्हाय ऱ्हायली."

मला लाज वाटते ती नुसती त्या वाक्याची नाही. त्या दिवशी घरी जाताना मी खुशीत होतो. बावन्न वर्षांच्या आयुष्यात माझ्या बोलण्यावर एवढी माणसं पहिल्यांदा हसली होती. घरी येऊन मी अयोध्येला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ती हसली नाही. म्हणाली, "माणसाच्या नावाला हात लावू नये. आई-बापानं ठेवल्यालं असतंय."

"आगं, चेष्टा हाय."

"चेष्टा घरी जाती का हितनं?" ती म्हणाली.

चेष्टा घरी गेली नाही. महिनाभरात ते नाव गावभर झालं. आप्पांना ते आपलंच वाटू लागलं आणि मी त्यांना तसं वाटू दिलं. मोठी माणसं 'फेकीरभाई' म्हणत, पोरं 'फेकीरचाचा'. पोरांना तर तेच खरं नाव वाटे. माकणीच्या एका माणसानं कोठीसाठी चिठ्ठी पाठवली, तिच्यावर 'फेकीर पत्रेवाले, अणदूर' असं लिहिलं होतं. ती चिठ्ठी पोचवायला माझ्याच टेबलावर आली. मी ती तशीच पुढं पाठवली. पत्ता खोडायचा अधिकार पोस्टाला नसतो, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्यांच्या नावानं बेंगळुरूहून रजिस्टर पाकीट आलं. सही करून त्यांनी ते माझ्यासमोरच फोडलं. आत इंग्रजीत टाइप केलेला एक कागद होता आणि एक फोटो. "मास्तर, तेवढं वाचून दावा की," ते म्हणाले. दुपारची वेळ होती, पोस्टात दुसरं कुणी नव्हतं.

मी वाचलं. चोवीस वर्षं विमानाच्या अंगाची जुळणी, प्रवासी दारं, खिडक्यांच्या चौकटी, काम अत्यंत विश्वासाचं, असं लिहिलं होतं. खाली दोन सह्या आणि शिक्का. मी एकेका ओळीचा अर्थ त्यांच्या उजव्या कानाशी मोठ्यानं सांगत गेलो. 'अत्यंत विश्वासाचं' हे त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

फोटोत ते विमानाच्या आत बसले होते. खरंच, कणगीच्या आत बसल्यासारखे. चारी बाजूंनी कड्या, मधूनमधून पत्रा नाही तिथून उजेड. हातात लोखंडाचा एक ठोकळा.

"हे काय?" मी विचारलं.

"डॉली. एकजण बाहेरनं गन मारतो, एकजण आतनं डॉली लावून धरतो, मंग रिव्हेट बसतो. म्या आतला. आत आवाज लई. कान त्यानंच गेले."

"मग बाहेरच्याला सांगायचं कसं? दिसतही नाही, ऐकूही येत नाही."

ते खुश झाले. माझ्या टेबलावर त्यांनी बोटाचं पेर वाजवलं. "पत्र्यावर ठोकायचं. एक ठोका म्हंजी आनखी मार. दोन म्हंजी झालं, फुडं चल. तीन म्हंजी चुकलं, काढ त्येला."

"चुकलं असं आपणच सांगायचं?"

"मंग? ते तसंच ऱ्हायलं तर वर जाऊन फाटायचं. चुकलं तर चुकलं. तोंडानं थोडंच सांगायचंय? तीन ठोके."

मला ती रीत फार आवडली. बोलावं लागत नाही, म्हणून. मी घरी येऊनही ताटाच्या कडेवर एक, दोन, तीन करून बघितलं होतं.

कागद घडी करून खिशात ठेवताना ते म्हणाले, "मास्तर, एकदा हे हॉटेलात वाचून दावा की. माझं कोन आयकत न्हाय. तुमच्यावर लोकांचा इस्वास हाय."

"बघू," मी म्हणालो.

तो 'बघू' अकरा वर्षं चालला. पहिली दोन वर्षं ते भेटले की विचारायचे, "मास्तर, त्ये कागदाचं?" मी म्हणायचो, बघू, लोक असू देत. लोक असले की माझी जीभ उचलत नसे. कागद वाचला की कुणीतरी विचारणार, मग फेकीर म्हणालं कोण? आणि आप्पांना कदाचित आठवणार. पुढं त्यांनी विचारणं सोडलं.

एकदा त्यांची नात युसरा आंतरदेशीय पत्र न्यायला पोस्टात आली. तिच्या शाळेत पत्रलेखन शिकवत होते. तिसरीत असेल. पत्र घेऊन ती तिथंच उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, फेकीर म्हंजी काय वो?"

मी म्हणालो, "नाव असतं बाळा."

"नानांचं नाव फकीर हाय."

"ते पण नाव असतं."

ती गेली. मी खिडकी बंद करून बसलो. वेळ संपायला अजून तास होता.

दोन हजार बावीसच्या हिवाळ्यात आमच्या गावात एक विमान आलं. आमचा खंडोबा, म्हणजे देवळातली मूर्ती, दरवर्षी थोडे दिवस नळदुर्गला नेतात, तो तेव्हा तिकडं गेलेला होता, त्यामुळं देवळाकडं शांतता होती आणि सगळं गाव हायवेवर. सोमलिंग आप्पांनी हायवेच्या कडेला जागा घेतली होती. तिथं विमानात बसून जेवायचं हॉटेल काढायचं ठरलं. भंगारात निघालेल्या विमानाचं अंग हैदराबादकडून लांब ट्रेलरवर आलं. पंख नाहीत, शेपूट नाही, नुसतं पांढरं अंग. मागचं तोंड ताडपत्रीनं झाकलेलं. लोक त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढत होते.

मी तेव्हा निवृत्त झालो होतो. बघायला गेलो तर फकीरभाई आधीच तिथं. नव्यानं घेतलेल्या बैलाच्या अंगावरून हात फिरवावा तसा ते पत्र्यावरून हात फिरवत पुढून मागं चालत होते. मला पाहून म्हणाले, "मास्तर, हे आमच्या हातचं न्हाय. पर चांगल्या हातचं हाय."

पुढचं दार अडकलं होतं. उमरग्याचा नंदीश हे काम करायला आला होता, शटर आणि ग्रिल करणारा हुशार पोरगा. त्यानं दाराचा दांडा फिरवून पाहिला, पहार लावून पाहिली, दार हललं नाही. मागून आत जाऊन लाथा मारल्या, तरी नाही. मग तो आप्पांना म्हणाला, "आप्पा, कटरनं कापून काढतो. मस्त चौकोनी करतो, सरकता काचेचा दरवाजा बसवू. खिडक्या बी मोठ्या चौकोनी करू. ह्या बारक्या खिडक्यांतनं गिऱ्हाइकाला काय दिसनार?"

फकीरभाईंनी त्याच्या हातातला कटर पाहिला. शब्द ऐकू आले नसतील, पण त्यांना कळलं. ते पुढं झाले. "आप्पा, कापू नका. पंधरा मिंटं द्या मला. दार उघडून दावतो."

"आले फेकीरभाई!" कुणीतरी म्हणालं. लोक जवळ सरकले.

"चाचा, ही कोठी न्हाय," नंदीश म्हणाला. "कडी-कोयंडा नसतोय ह्येला."

"ठाऊक हाय. दाराला वर एक, खाली एक अशा दोन पापण्या असत्यात. त्या मिटल्या की दार तिरकं व्हऊन भायेर पडतं. खालची पापणी अडकल्याली दिसती. आत बसून ती सोडवाया लागंल. बाहेरनं एकानं दांड्याला हात लावून उभं ऱ्हायचं. म्या आतनं ठोके देतो."

"चौकटीपरीस मोठं दार, तेच ना?" आप्पा म्हणाले. अकरा वर्षांनी त्यांना ते बरोबर आठवलं.

"तेच आप्पा. आज दावतो की."

लोक हसले, पण या वेळी थोडं कमी. बघायला मिळालं तर हवंच होतं सगळ्यांना. आप्पा विचारात पडले. त्यांचंही चुकीचं म्हणता येणार नाही, माल त्यांचा होता. ते फकीरभाईंच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "तुमी खरंच केलंय का हो हे काम? कुनी सांगंल का? बिघडलं तर माझं काय?"

"मास्तर सांगतील," फकीरभाई लगेच म्हणाले आणि माझ्याकडं बोट केलं. "मास्तरांनी कागद वाचलाय. फोटू बी पाह्यलाय. इचारा त्यांना."

सगळी माणसं माझ्याकडं वळली.

मला एवढंच म्हणायचं होतं, 'व्हय, मी वाचलाय.' तीन शब्द. नंदीश तेवढ्यात हसून म्हणाला, "मास्तर बी फेकाया लागले का आता?" मी टोपी सारखी केली. मी म्हणालो, "पोस्टात कागद तर लई येत्यात. आता ध्यानात न्हाय."

फकीरभाईंना ऐकू आलं नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. "काय म्हणले?" त्यांनी आप्पांना विचारलं.

आप्पा त्यांच्या कानात ओरडले, "मास्तर म्हनत्यात, ध्यानात न्हाय!"

एवढ्या मोठ्या आवाजात माझं कोणतंही बोलणं कुणी कधी सांगितलं नव्हतं.

फकीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी काहीतरी वेगळं म्हणालो असेन आणि आप्पांनी चुकीचं सांगितलं असेल, अशी थोडी आशा त्यात होती. मी मान खाली घातली. मग त्यांनी विमानाच्या पत्र्यावर हात ठेवला आणि बोटाच्या पेरानं ठोके दिले. एक. दोन. तीन.

"काय वो, जीव हाय का बघताय?" नंदीश म्हणाला. लोक हसले. त्या ठोक्यांचा अर्थ तिथं एकट्या मलाच ठाऊक होता.

कटर सुरू झाला. फकीरभाई बाजूला झाले, पण गेले नाहीत. हातवारे करून ओरडत होते, "पोरा, कोपरे गोल ठेव! चौकोनी कोपऱ्यातनं पत्रा फाटतोय!" त्या आवाजात नंदीशला काय ऐकू जाणार. त्यानं चौकटीच्या बाहेरून कापत नेलं आणि दार चौकटीसकट खाली आलं. फकीरभाई तुकड्याजवळ गेले. "आप्पा, हे मी न्हेऊ?"

"न्या. कोठीला लावा."

संध्याकाळच्या आत त्यांनी ते ट्रॅक्टरवर घालून नेलं.

हॉटेल चांगलं चाललं. नंदीशनं खिडक्याही चौकोनी कापल्या. वर्षभरानं त्यातल्या एका खिडकीच्या कोपऱ्यातून पत्र्याला बारीक चीर गेली. ती अजून दिसते, पण वाढत नाही, कारण तिच्या टोकाला कुणीतरी एक लहानसं गोल भोक पाडून ठेवलं आहे. ते कुणी केलं ते आप्पांना माहीत नाही. असं भोक पाडलं की चीर पुढं जात नाही, हे मला नंतर समजलं.

त्या दिवसानंतर मी स्टँडमागच्या रस्त्यानं जाणं बंद केलं. भाजी आणायला लांबून जायचो. असं सव्वा वर्ष गेलं. अयोध्येला सगळं माहीत होतं. ती रोज काही म्हणत नसे. एका सकाळी मात्र तिनं माझी टोपी हातात दिली आणि म्हणाली, "जावा, सांगून या. त्यांनी शिव्या दिल्या तर खाऊन या."

चैत्र होता. मी गेलो. ती आमची शेवटची भेट. पुढच्याच महिन्यात छातीत दुखून ते वारले. मी मातीला गेलो होतो, मागं उभा राहिलो.

त्या दिवशी गेलो तेव्हा अंगणात एका लोखंडी घोड्यावर, म्हणजे तिवईसारख्या स्टँडवर, ते दार त्याच्या चौकटीत उभं होतं. मागं भिंत नाही, खोली नाही, लिंबाचं झाड आणि कोंबड्या. फकीरभाई खाली बसून कानशीनं काहीतरी घासत होते. मला पाहून उठले. "या मास्तर, या. अजी सुनते क्या, मास्तर आए हैं, शरबत लाओ."

जणू काही झालंच नव्हतं. ते पाहून मला जास्त कठीण वाटलं.

"हिकडं उभं ऱ्हावा. ही आतली बाजू," ते म्हणाले. त्यांनी दांडा फिरवला. दाराची वरची आणि खालची कड पापण्या मिटाव्यात तशी मिटली. दार माझ्याकडं टीचभर आलं, सावकाश तिरकं झालं आणि चौकटीतून बाहेर निघून लिंबाच्या बाजूला जाऊन उभं राहिलं. कुठं घासलं नाही, आवाज झाला नाही. त्यांनी पुन्हा लावलं आणि माझ्या हातात टेप दिला. "मोजा."

मी चौकट मोजली, दार मोजलं. दार मोठं होतं. बोटाच्या पेराएवढं, चारी बाजूंनी.

"मोठं हाय," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले.

फरिदाबी शरबत घेऊन आल्या. मी बाजेवर बसून ते प्यालो. मग मी मोठ्यानं, त्यांच्या कानाशी विचारलं, "हे गावाला का दाखवत न्हाय?"

"आप्पा आले व्हते बघाया. हॉटेलात लावू म्हनले, मोठा बोर्ड करू म्हनले. म्या नक्को म्हनलो."

"का?"

"तितं लावलं की लोक म्हनतील, फेकीरचं दार." ते नाव त्यांनी इतक्या सहज उच्चारलं की मी ग्लास खाली ठेवला. "हितं हाय तर नुस्तं दार हाय."

ते पुन्हा खाली बसले आणि कानस चालवू लागले. त्यांची पाठ माझ्याकडं होती. फरिदाबी ग्लास उचलायला थांबल्या होत्या. मी उभा राहिलो, टोपी काढली आणि जमिनीकडं बघत म्हणालो, "ते नाव... फेकीर... ते पहिल्यांदा मीच म्हणालो होतो."

फरिदाबींचा हात ग्लासावर थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या पाठीकडं. त्यांनी ऐकलं होतं. त्या ग्लास घेऊन आत गेल्या. नवऱ्याच्या कानात ते ओरडून सांगायचं काम त्यांचं नव्हतं.

फकीरभाईंनी कानस थांबवली आणि मान वळवली.

"काय म्हणलात मास्तर? ह्या कानानं आयकू येत न्हाय."

उजवा कान त्यांनी माझ्याकडं केला. मी टोपी डोक्यावर घातली.

"काही न्हाय. ऊन लई हाय म्हणलं."

"व्हय, लई हाय," ते म्हणाले. "सावलीसावलीनं जावा."